माझगाव ते येवला

52 भागिले 3 म्हणजे 17.33. डिसेंबर 1991 मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात महाराष्ट्राचं राजकारण या एका भागाकारावर येऊन ठेपलं होतं. विधानसभेत शिवसेनेचे 52 आमदार होते. 1985 साली राज्यघटनेत दहावी अनुसूची आली, तेव्हा तिच्यात एक वाट मोकळी ठेवली गेली. पक्षाचे एक तृतीयांश आमदार एकत्र बाहेर पडले तर ती फूट, त्याहून कमी पडले तर ते पक्षांतर. तेव्हा फूट असेल तर आमदारकी टिकायची, पक्षांतर असेल तर जायची. सतरा डोकी पुरणार नव्हती, अठरा लागणार होती. छगन भुजबळांनी अठरा जणांचं पत्र विधानसभा अध्यक्षांपुढे ठेवलं, अध्यक्ष मधुकरराव चौधरींनी वेगळ्या गटाला मान्यता दिली आणि गट काँग्रेसमध्ये विलीन झाला. अठरांतले काही जण पाठोपाठ माघारी फिरले. भुजबळ फिरले नाहीत.

माझं आजोळ येवला तालुक्यातलं. तिथे 2004 पासून आमदार एकच आहेत, त्यामुळे सुट्टीत आजोळी गेलं की राजकारणाचा विषय निघायचा आणि तो भुजबळांवरच यायचा. मामा त्यांना 'साहेब' म्हणतो. आमच्या घरात, म्हणजे नाशिक शहरात, बाबा त्यांचं नाव निघालं की गप्प बसायचे, कारण बाबांचं तारुण्य सेनेच्या शाखेत गेलेलं. एकाच माणसाबद्दल दोन घरांत दोन सूर ऐकत मी मोठी झाले. म्हणून असेल, पण 'गद्दार' आणि 'निष्ठावंत' या दोन शब्दांत सगळे पुढारी वाटून टाकण्याची जी रीत 2022 नंतर आपल्याकडे पडली आहे, तिच्यात माझं मन रमत नाही. मला या एका माणसाचा प्रवास नीट लावून पाहावासा वाटतो.

सुरुवात भायखळ्याच्या मंडईतून होते. आईवडील लहानपणीच गेलेले, जात माळी, धंदा भाजीचा. पहाटे माल उतरवायचा, निवडायचा, पाणी मारायचं, विकायचा. त्यातून शिकून या मुलाने मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदविका घेतली. साठच्या दशकाच्या शेवटी मुंबईत असल्या मुलांना विचारणारा पक्ष कुठला होता? काँग्रेसमध्ये घराणी होती, कारखानदार होते, जिल्ह्याजिल्ह्याचे मातब्बर होते. समाजवाद्यांकडे जायचं तर शिबिरं आणि वाचन हवं. कम्युनिस्टांची ताकद गिरण्यांत. शिवसेनेच्या शाखेत मात्र एक टेबल, चार खुर्च्या, एक फळा आणि बाहेर नळाच्या, संडासाच्या, रेशनकार्डाच्या तक्रारी घेऊन आलेली माणसं असत. तिथे कामाचा पोरगा लगेच नजरेत भरायचा. सेनेबद्दल माझे अनेक आक्षेप आहेत आणि ते मी मागे घेणार नाही, पण ज्यांच्या आडनावाला वजन नव्हतं अशा शेकडो मुलांना या शाखांनी नगरसेवक केलं, हे मान्य न करता महाराष्ट्राच्या राजकारणावर बोलणं मला अप्रामाणिक वाटतं.

1973 साली भुजबळ मुंबई महापालिकेत निवडून आले. 1985 साली महापौर झाले, त्याच साली माझगावमधून आमदारही झाले. त्या विधानसभेत सेनेचा तो एकुलता एक आमदार. जिथे पुढे या पक्षाचे 52 आणि नंतर 73 आमदार बसले, तिथे पाच वर्षं हा गडी एकटा उभा राहून बोलत होता. 1986 साली कर्नाटकातल्या कन्नडसक्तीविरुद्ध सीमाभागात आंदोलन पेटलं, तेव्हा बंदी असताना वेषांतर करून ते बेळगावात घुसले आणि तुरुंगात गेले. बाबा ही गोष्ट सांगायचे तेव्हा त्यांच्या आवाजात अजून अभिमान असायचा, आणि मग पुढचं आठवून ते थांबायचे.

पुढचं म्हणजे मंडल. 7 ऑगस्ट 1990 रोजी व्ही. पी. सिंगांनी मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा केली. बाळासाहेबांचा जातीवर आधारलेल्या आरक्षणाला उघड विरोध होता. भुजबळांना ते पटत नव्हतं. त्याच सुमारास सेनेला पहिल्यांदा विरोधी पक्षनेतेपद मिळालं आणि ते मनोहर जोशींकडे गेलं. विधानसभेत एकट्याने किल्ला लढवलेल्या भुजबळांना पुन्हा एकदा मुंबईचं महापौरपद देण्यात आलं. यातलं खरं कारण कुठलं यावर गेली तीन दशकं वाद चालू आहे. सेनेची माणसं म्हणतात, पद नाही मिळालं म्हणून गेले. ते स्वतः म्हणतात, मंडलसाठी गेलो. मला हा वाद फोल वाटतो. माणसाचा अपमान आणि माणसाचा विचार हे काही वेगवेगळ्या कप्प्यांत राहत नाहीत. माळी जातीच्या कर्तबगार माणसाला डावलून वरचं पद ब्राह्मण नेत्याला मिळतं आणि त्याच पक्षात मागासवर्गीयांच्या आरक्षणाची टवाळी होते, तेव्हा त्या माणसाला दोन्ही गोष्टी एकच वाटल्या तर त्यात खोटं काय आहे?

आणि त्या जाण्याची किंमत होती. 1991 साली सेना सोडणं म्हणजे आजच्यासारखं विमानातून गुवाहाटीला जाणं नव्हतं. बाळासाहेब सभांमधून त्यांना 'लखोबा', म्हणजे 'तो मी नव्हेच' नाटकातला नावं बदलणारा ठक, म्हणायचे आणि मैदानं हसायची. पोलीस पहाऱ्याशिवाय फिरता येत नव्हतं. जुलै 1997 मध्ये, युतीचं सरकार असताना आणि भुजबळ विधान परिषदेत विरोधी पक्षनेते असताना, शिवसैनिकांनी मंत्रालयासमोरच्या त्यांच्या सरकारी बंगल्यावर हल्ला केला. ते आत होते. मंत्रालयासमोर, राज्याच्या विरोधी पक्षनेत्यावर. ज्या मुलांच्या रांगेत ते स्वतः एकदा उभे होते त्याच रांगेतली पुढची पिढी दार तोडत होती. पक्ष बदलण्याच्या बदल्यात मंत्रिपद मिळालं हे खरं, सुधाकरराव नाईकांच्या मंत्रिमंडळात ते लगेच आले, पण जीव टांगणीला लागला हेही तितकंच खरं. आज पक्ष सोडणाऱ्याला सोडल्या दिवसापासून संरक्षण आणि खातं दोन्ही मिळतं, म्हणून हा फरक मला मुद्दाम नोंदवावासा वाटतो.

माझगावच्या मतदारांनी मात्र आपला निकाल दिला. 1995 साली सेनेने त्यांच्यासमोर बाळा नांदगावकरांना उभं केलं आणि भुजबळ हरले. फूट पडल्यावर तीन वर्षांहून अधिक काळाने लोकांना पहिल्यांदा विचारण्यात आलं होतं.

25 जुलै 2000 बद्दलही लिहायला हवं, कारण ते टाळून त्यांच्याबद्दल आदराने लिहिणं सोपं झालं असतं. तेव्हा ते उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री होते. 1993 च्या दंगलीतल्या 'सामना'च्या अग्रलेखांबद्दल बाळासाहेबांना अटक झाली आणि मुदत उलटून गेल्याचं सांगत न्यायालयाने त्याच दिवशी त्यांना सोडलं. मुंबई दिवसभर श्वास रोखून होती. दंगल भडकवणाऱ्या मजकुरावर खटला चालायलाच हवा होता, असं माझं ठाम मत आहे. ज्यांची घरं जळाली त्यांचं ते देणं होतं. पण सात वर्षांनी, मुदत टळल्यावर, अशा गृहमंत्र्याच्या सहीने ज्याचं त्या माणसाशी जुनं वैर सगळ्या राज्याला माहीत आहे, ही अटक झाली, तेव्हा दंगलग्रस्तांचा प्रश्न बाजूला पडला आणि उरली दोन माणसांमधली झुंज. न्याय कुणालाच मिळाला नाही.

त्याआधी वर्षभर, जून 1999 मध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस काढली तेव्हा भुजबळ तिचे पहिले प्रदेशाध्यक्ष झाले. पुढची चोवीस वर्षं ते तिथेच राहिले. हे लोक विसरतात. ज्यांच्यावर पक्षबदलूपणाचा शिक्का आहे, त्यांच्या खात्यावर साठच्या दशकापासून 1991 पर्यंत एक पक्ष आणि 1999 पासून 2023 पर्यंत दुसरा पक्ष, एवढी दीर्घ सलगता आहे. मध्ये काँग्रेस आठ वर्षं, आणि तीही पवारांच्या मागे.

या काळात एक गोष्ट मला सारखी खुपत आली. ते दोनदा उपमुख्यमंत्री झाले, दोन्ही वेळा पायउतार झाले. बनावट मुद्रांकांच्या तेलगी प्रकरणाच्या गदारोळात, एका वाहिनीच्या कार्यालयावर पक्षाच्या कार्यकर्त्यांनी हल्ला केल्यानंतर डिसेंबर 2003 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. 2008 साली, मुंबईवरच्या हल्ल्यानंतर आर. आर. पाटील गेले तेव्हा पुन्हा पद मिळालं, आणि 2010 साली ते अजित पवारांना द्यावं लागलं. मुख्यमंत्रिपद कधीच आलं नाही. शिवसेना ठाकऱ्यांची, राष्ट्रवादी पवारांची. त्यांच्यासारख्या पुढाऱ्याचं पक्षातलं राहणं भाडेकरूसारखं असतं. घर कितीही सजवा, सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं. मालक बदलणं एवढंच त्याच्या हातात राहतं. 1992 साली त्यांनी महात्मा फुले समता परिषद उभी केली, जालन्यात ओबीसींचा प्रचंड मेळावा भरवला, पुढे बिहारपर्यंत परिषदेच्या सभा नेल्या. एवढा पाया असताना स्वतःचा पक्ष मात्र काढला नाही. मला वाटतं, ही त्यांच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी न घडलेली गोष्ट आहे. महाराष्ट्रात ओबीसींचा स्वतंत्र पक्ष उभा राहिला असता तर टिकला असता का, हा प्रश्न वेगळा. पण पक्ष काढण्याइतका पैसा, साखर कारखाने, बँका, शिक्षणसंस्था ज्या समाजाकडे नसतात, त्या समाजाच्या नेत्याला दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं, आणि मग त्याने दार बदललं की आपण त्यालाच बोल लावतो.

या राहण्यातून काही मिळालंच नाही असं कोणी म्हणू नये. 1994 पासून महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत ओबीसींना 27 टक्के जागा राखीव झाल्या. माळी, वंजारी, धनगर, साळी, तेली, न्हावी घरांतली माणसं, आणि त्या घरांतल्या बायकासुद्धा, सरपंचाच्या खुर्चीवर बसल्या. माझ्या आजोळच्या गावात हे झालेलं मी पाहिलं आहे. ग्रामसभेला ओट्याखाली बसणारी बाई ओट्यावर बसली आणि पहिले काही महिने तिला पदर सावरण्यापलीकडे काही सुचत नव्हतं, मग एके दिवशी तिने ग्रामसेवकाला खर्चाचं रजिस्टर वाचून दाखवायला लावलं. ओळ न् ओळ. मध्येच तो भराभर वाचायला लागला की ती म्हणायची, "भाऊ, सावकाश." या बदलाचं श्रेय एका माणसाचं नाही, पण 1991 साली कुणीतरी या मुद्द्यासाठी पक्ष सोडला होता, ही गोष्ट त्या ओट्यापासून फार लांबची नाही.

आता येवला. पैठणीचं गाव, आणि त्याहून मोठी ओळख म्हणजे 13 ऑक्टोबर 1935 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी इथे केलेली धर्मांतराची घोषणा. तालुक्याचा पश्चिम भाग पालखेड धरणाच्या पाटावर जगतो, उत्तर-पूर्व भाग पावसावर आणि टँकरवर. माझं आजोळ त्या दुसऱ्या भागातलं. तिथे उन्हाळ्यात पाहुणा आला की आधी पाणी किती दिवसांनी आलं ते सांगतात, मग चहाचं विचारतात. भुजबळांनी या तालुक्याला मांजरपाड्याचं पाणी दाखवलं. दिंडोरीकडच्या डोंगरात पडून पश्चिमेला वाहून जाणारा पाऊस अडवायचा, बोगद्यातून पूर्वेला वळवायचा, आणि पुणेगाव, दरसवाडी, डोंगरगाव अशा कालव्याने येवल्याच्या कोरड्या भागात आणायचा. वर्षानुवर्षं हे काम रखडत, अडत, पुन्हा सुरू होत आलं. निधी आला की यंत्रं दिसायची, सरकार बदललं की मुरूम तसाच पडून राहायचा.

2023 च्या जुलैत, भुजबळ अजित पवारांबरोबर गेल्यावर, मी मामाला फोन केला. तुम्ही घड्याळाला मत दिलं ते भाजपच्या विरोधात दिलं होतं, आता तुमचा आमदार त्यांच्याच सरकारात मंत्री आहे, तुम्हाला काही वाटत नाही का, असं मी तावातावाने विचारलं. मामा शांतपणे म्हणाला, "पोरी, पक्ष कोन्ता का असंना, पाटाला पानी आलं का ते बघ. साहेब इरोधात बसले तं कालवा बी बसतो."

या वाक्यापुढे मी बराच काळ अडले. मामा लाचार नाही. त्याने तीन दुष्काळांत जनावरं छावणीवर नेली आहेत. त्याला माहीत आहे की महाराष्ट्रात निधी फाइलवर चालत नाही, आमदार कुठल्या बाकावर बसतो त्यावर चालतो. पण त्याच्या वाक्यात जे गृहीत धरलं आहे त्याचाच मला राग येतो. कालव्याचं पाणी आमदाराच्या निष्ठेला का बांधलेलं असावं? विरोधी पक्षाच्या आमदाराच्या तालुक्यात ढग वेगळे असतात का? सत्तेत गेलेला प्रत्येक पुढारी 'मतदारसंघाच्या विकासासाठी' गेलो असं सांगतो आणि त्यात तथ्य असतं, पण हे तथ्य ज्यांनी निर्माण केलं तेच ते पुढे करतात. आधी निधी अडवायचा, मग निधीसाठी या म्हणायचं.

2023 चं जाणं मला 1991 सारखं वाटत नाही. मध्ये तुरुंग होता. मार्च 2016 मध्ये ईडीने अटक केली, मे 2018 मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. सत्तरीच्या माणसाची दोन वर्षं आर्थर रोडला गेली. 2021 साली दिल्लीतल्या महाराष्ट्र सदनाच्या बांधकाम प्रकरणातल्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या खटल्यातून विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केलं. तपास यंत्रणांच्या धाकाने गेले असं विरोधक म्हणाले, त्यांनी ते नाकारलं. मला खटकतं ते वेगळंच. 1991 साली ते कशासाठी गेले हे विचारलं तर एका शब्दात उत्तर होतं, पटो न पटो. 2023 साली असा शब्द नव्हता. 28 नोव्हेंबर 2019 रोजी शिवाजी पार्कवर, ज्या मैदानात बाळासाहेबांची भाषणं झाली तिथे, उद्धव ठाकऱ्यांच्या शेजारी त्यांनी मंत्रिपदाची शपथ घेतली होती. दहा रुपयांत शिवभोजन थाळी देण्याचं काम त्यांच्याच खात्याने केलं आणि करोनाच्या काळात त्या थाळीने पुष्कळ पोटं भरली. त्यानंतर चार वर्षांच्या आत समोरच्या बाजूला बसताना येवल्याच्या लोकांना सांगण्यासारखं कारण लागतं.

पण येवल्याच्या मतदारांची माफी कुणी मागितली? 2 जुलैला शपथविधी झाला आणि 8 जुलैला शरद पवारांनी पहिली सभा येवल्यात घेतली. माझा अंदाज चुकला, त्याबद्दल तुमची माफी मागायला आलो आहे, अशा आशयाचं ते बोलले. राजकारणातला तो डावही होता, हे मी जाणते. तरीही मतदारासमोर जाऊन आपण दिलेल्या उमेदवाराबद्दल बोललं पाहिजे, एवढं तरी त्यात होतं.

एकाच बाबतीत ते 2023 नंतरही जुने भुजबळ राहिले. मराठा समाजाला कुणबी, म्हणजे ओबीसीत मोडणारे, दाखले देण्याचा विषय आला तेव्हा सरकारात बसून त्यांनी सरकारला विरोध केला. 17 नोव्हेंबर 2023 ला अंबडला ओबीसींची सभा घेतली, आणि तिच्या आदल्या दिवशीच आपण राजीनामा दिला होता, असं नंतर सांगितलं. त्यांची त्या काळातली भाषा मला आवडली नाही. कोरडवाहू मराठा शेतकऱ्याच्या मुलाची तगमग खरी आहे, तिच्याशी त्या स्वरात बोलू नये. पण खुर्ची जाईल या भीतीने ते गप्प बसले नाहीत. डिसेंबर 2024 मध्ये नव्या मंत्रिमंडळात त्यांना घेतलं गेलं नाही, मे 2025 मध्ये घेतलं गेलं, आणि मधल्या महिन्यांत ते पुन्हा पक्ष सोडणार का याच्या बातम्या रोज चालल्या.

या सगळ्यात माझं भांडण पक्ष सोडण्याशी नाही. विचार बदलतात, पक्षही बदलतात, कधी पक्षच आपल्या जागेवरून हलतो आणि माणूस तिथेच राहतो. माझं भांडण जागा न सोडण्याशी आहे. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांशाची वाट बंद केली, तेव्हा वाटलं होतं आता सुधारेल. 2005 साली नारायण राण्यांनी सेना सोडली तेव्हा आमदारकीचा राजीनामा दिला, मालवणात काँग्रेसकडून पोटनिवडणूक लढवली आणि दणदणीत मतांनी जिंकली. लोकांनी हो म्हटलं, विषय संपला. 2019 साली उदयनराजे भोसल्यांनी खासदारकी सोडून भाजपकडून साताऱ्यात पोटनिवडणूक लढवली आणि श्रीनिवास पाटलांनी त्यांना हरवलं. लोकांनी नाही म्हटलं, तोही विषय संपला. दोन्ही वेळा कुणाला गद्दार म्हणायची गरज राहिली नाही. 2022 आणि 2023 मध्ये मात्र फुटून गेलेल्या गटांकडून आपणच मूळ पक्ष असल्याचा दावा पुढे आला, निर्णय निवडणूक आयोगाकडे, विधानसभा अध्यक्षांकडे आणि न्यायालयात फिरत राहिला, आणि तोवर विधानसभेची मुदत संपली.

येवल्याने 2024 साली भुजबळांना पाचव्यांदा निवडून दिलं. म्हणजे विचारलं असतं तर 2023 मध्येही बहुधा हो म्हणाले असते. मग विचारायला काय हरकत होती? पोटनिवडणुकीचा खर्च फार, असं उत्तर मिळतं. मामाच्या गावात मतदान केंद्र म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेची एक खोली आहे. ती तिथेच असते, वर्षभर.